जुनी स्पोर्ट्स कार ठेवायची की विकायची: कामांचा योग्य क्रम

मे संपत आला की दोन दारांची जुनी गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात जाते, वर कव्हर चढतं, आणि ठेवायची की विकायची ते "दिवाळीनंतर बघू" असं ठरतं. दिवाळीनंतर कव्हर काढलं की बॅटरी मेलेली, सीटवर बुरशी, छप्पर अर्ध्यात अडकलेलं आणि आरसीची मुदत ऑगस्टमध्येच संपलेली असते. आता विकायला काढली तरी येणारा प्रत्येक जण हीच यादी पुढे करून भाव पाडतो.

गाडी उभी करणं हे निर्णय झाल्यानंतरचं काम आहे, आणि बहुतेक जण ते आधी करून बसतात. खालचा क्रम महाराष्ट्रात नोंदलेल्या, साधारण 12 ते 20 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: पोर्शे बॉक्सटर, बीएमडब्ल्यू झेड-फोर, मर्सिडीज एसएलके, ऑडी टीटी आणि त्यांची भावंडं. पहिल्या चार टप्प्यांना दोन शनिवार-रविवार आणि गॅरेजचा एक दिवस पुरतो. ते झाल्याशिवाय कव्हरला हात लावू नका.

टप्पा 1: आरसीवरची तारीख

सुरुवात इंजिनापासून नको, कागदापासून करा. खाजगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यासाठी फॉर्म 25 भरायचा, आणि अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांतच करता येतो. आरटीओ गाडी प्रत्यक्ष बघते, म्हणजे त्या दिवशी ती चालत्या स्थितीत, विमा आणि पीयूसीसकट हजर हवी. कव्हरखाली मेलेल्या बॅटरीसह पडलेल्या गाडीचं घोडं नेमकं इथेच अडतं.

केंद्राच्या दरानुसार 15 वर्षांपुढच्या साध्या कारला नूतनीकरणासाठी 5,000 रुपये, तर आयात कारला 40,000 रुपये लागतात. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या गाड्यांना हेच आकडे 10,000 आणि 80,000 झाले आहेत. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली की दर महिन्याला 500 रुपये उशिराचा आकार चढत जातो.

आता मुदतीला किती महिने उरलेत ते मोजा.

एका वर्षाहून जास्त असतील तर घाई नाही, पुढचे टप्पे शांतपणे करा. 3 ते 12 महिने उरले असतील आणि मनात विकायचं असेल, तर आत्ताच विका. मुदत संपत आलेली आयात गाडी बघताना ग्राहक 40,000 नव्हे, एक लाख कापतो, कारण त्याला आरटीओच्या फेऱ्याही दिसत असतात. 3 महिन्यांहून कमी असतील तर आधी नूतनीकरण, मग बाकी सगळं.

तपासा: आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का? कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण फॉर्म 35 भरून नोंद काढायची राहून गेलेली असते. गाडीचे ई-चलान बघा. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीवर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का तेही बघा. तिच्याविना आरटीओतली कामं थांबतात.

टप्पा 2: गाडी लिफ्टवर

"कंडिशन झकास आहे" हे मालकाचं मत झालं. निर्णय घ्यायला आकडे लागतात. ही गाडी नेहमी हाताळणाऱ्या गॅरेजला अर्धा दिवस द्या आणि एवढं लेखी मागा:

- स्कॅनरवरचे सगळे दोष-कोड, पुसण्याआधीचे
- प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब. सहांतला एक इतरांपेक्षा 15 टक्क्यांनी खाली असेल तर कारण शोधायचं
- ब्रेकच्या धातूच्या नळ्या, सबफ्रेम आणि जॅक लावायच्या जागा यांच्यावरचा गंज
- सस्पेन्शनच्या रबरी बुशांना गेलेले तडे, शॉक अॅब्सॉर्बरची गळती
- कूलंटचे होज आणि वॉटर पंप
- चारही टायरची तारीख

टायरची तारीख स्वतः वाचा. बाजूच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढे रबर कडक होत जातं, दहाच्या पुढे नक्षी शाबूत असली तरी टायर बाद. कमी चाललेल्या गाड्यांत हाच सापळा असतो: नक्षी कोरी करकरीत आणि टायर दगड.

मॉडेलनुसार काही गोष्टी वेगळ्या विचारा. 987 या पिढीच्या बॉक्सटरमध्ये 2008 पर्यंतच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग हा दुखरा भाग आहे. 2006 ते 2008 मधलं बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ, पण ते बदलायचं तर इंजिन उघडावं लागतं. 2009 पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. एसएलकेच्या सुरुवातीच्या एम272 व्ही-सिक्समध्ये बॅलन्स शाफ्टचं गिअर झिजतं. म्हणून इंजिन क्रमांक घेऊन ते इंजिन त्या सदोष तुकडीतलं आहे का ते बघा. एन52 इंजिनाच्या झेड-फोरमध्ये वॉटर पंप विजेवर चालतो आणि फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. टीटीमध्ये डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तेल-फिल्टर वेळेवर बदलल्याची बिलं मागा.

*छपराच्या पाण्याच्या वाटा*

कापडी छपराच्या गाडीत ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि गॅरेजं हमखास सोडतात ती हीच. छपराच्या कडेनं आलेलं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या पन्हळीत जमतं आणि रबरी नळीतून खाली चाकाजवळ बाहेर पडतं. नळीत पानं, धूळ आणि छपराचा लोकरी कचरा साचून चिखलाचा बूच तयार होतो. पहिल्या पिढीच्या झेड-फोरमध्ये छपराचा हायड्रॉलिक पंप याच पाण्याच्या वाटेवर, डाव्या कोपऱ्यात, फोमच्या वेष्टनात बसवलेला आहे. बूच बसला की पंप बुडतो. बटण दाबल्यावर नुसतं "टक्" ऐकू येतं आणि छप्पर हलत नाही. बॉक्सटरमध्ये तेच पाणी आत उतरून सीटखालच्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) पेटीत शिरतं, मग गाडी चालूच होत नाही.

छप्पर अर्धं उघडून थांबवा. दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत चाकाजवळ धार दिसली पाहिजे. दिसली नाही तर गवत कापायच्या यंत्रातली 2 मिलिमीटरची नायलॉन दोरी नळीत सरकवा, फिरवा, पुन्हा पाणी ओता.

सावध: इथे कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, आणि पुढचा सगळा पावसाळा पाणी थेट कार्पेटखाली जातं. तारही नको, नळी फाटते.

टप्पा 3: वर्षाचा हिशोब

सर्व्हिसिंग, विमा सगळे धरतात. अडकलेल्या पैशाचं व्याज जवळपास कोणीच धरत नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठी रक्कम तीच निघते. समजा गाडीला आज 14 लाख येतात:

- 14 लाखांवर 7 टक्के व्याज: 98,000
- सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती: 70,000
- पार्किंग, महिना 3,000: 36,000
- विमा: 35,000
- टायर, 80,000 चा संच पाच वर्षांत: 16,000
- आरसी नूतनीकरण, 40,000 पाच वर्षांत: 8,000
- बॅटरी, 16,000 ची चार वर्षांत: 4,000

बेरीज 2,67,000. तुमचे आकडे घाला, रकाने हेच ठेवा. वर्षाला 900 किलोमीटर होत असतील तर किलोमीटरला जवळजवळ 300 रुपये पडले. टप्पा 2 मधल्या मोठ्या दुरुस्त्या यात नाहीत, त्या वेगळ्या लिहा.

म्हणजे तीन वर्षं ठेवायला आठ लाख. "भाव वाढतील म्हणून ठेवतोय" म्हणणाऱ्यानं या आकड्याकडे बघून बोलावं: 14 ची गाडी तीन वर्षांनी 22 ला जाईल? ऑटोमॅटिक गिअरच्या, भरपूर विकल्या गेलेल्या मॉडेलचं असं होत नाही. मॅन्युअल गिअर, मूळ रंग, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड आणि भारतात अगदी मोजकी संख्या हे सगळं जुळून आलं तरच विचार करण्याजोगं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म हे वेगळं प्रकरण. तिला ठरलेला बाजारभावच नाही, योग्य माणूस भेटेपर्यंत थांबावं लागतं. पण बॉडी फायबरग्लासची असल्यानं आणि 1149 सीसीचं साधं रेनो इंजिन असल्यानं ती थांबायला परवडते.

"आणखी थोडी वर्षं काढली की व्हिंटेज होईल" ही आशाही सोडा. व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात, आणि ती मिळाल्यावर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

टप्पा 4: निर्णय, तारखेसकट

आता तीन प्रश्न. गेल्या बारा महिन्यांत ती किती वेळा काढलीत? अंदाज नको, ओडोमीटर आणि पीयूसीच्या पावत्या बघा. झाकलेली, कोरडी, स्वतःच्या ताब्यातली जागा आहे का? आणि लिफ्टवर निघालेली कामं पुढच्या सहा महिन्यांत करायला पैसे बाजूला आहेत का?

जागा नसेल तर विका. इथे दुसरं मत नाही. उघड्यावर काढलेले दोन पावसाळे कापडी छप्पर, रबरी पट्ट्या आणि वायरिंगचे जोड यांचं जे करतात, ते निस्तरायचा खर्च बऱ्याचदा भावातल्या फरकापेक्षा जास्त होतो. जागा आहे पण दुरुस्तीला पैसे नाहीत, तरी विकाच, आणि दोष सांगून विका. जागा आणि पैसे दोन्ही आहेत पण वर्षात चारच वेळा काढलीत, तर ठेवायला हरकत नाही. फक्त भाव वाढण्याचं निमित्त पुढे करू नका, आवड आहे म्हणून ठेवतोय असं स्वतःशी कबूल करा.

ठेवायचं ठरलं तर पुन्हा विचार करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आरसी संपण्याच्या आठ महिने आधीची. नाहीतर हे भिजत घोंगडं पुढच्या पावसाळ्यातही तसंच राहील.

टप्पा 5: ठेवायची असेल तर

*जागा.* तळघरातलं पार्किंग सुरक्षित वाटतं, पण दोन गोष्टी बघा. एक, मागच्या मोठ्या पावसात तिथे पाणी किती चढलं होतं ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा. दोन, वरच्या स्लॅबला पांढरे ओघळ आहेत का? ते चुन्याचं पाणी असतं. बॉनेटवर वाळलेला त्याचा थेंब धुऊन निघत नाही, पॉलिश करूनही व्रण उरतो. यांत्रिक पार्किंगमध्ये खड्ड्यातला खालचा मजला घेऊ नका. कोकणपट्टी आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे बंद गॅरेज नसेल, तर गाडी घाटावर नातेवाइकांकडे ठेवलेली बरी.

*उभी करण्याआधीची कामं, याच क्रमानं:*

1. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, तो चार महिने बेअरिंगला चाटत राहतो. "बाहेर काढताना बदलू" ही उलटी गंगा आहे.
2. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा ओढून घेतं.
3. टाकी जवळजवळ पूर्ण भरा, फ्युएल स्टॅबिलायझर डब्यावरच्या प्रमाणात घाला आणि 15 किलोमीटर चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. ही तजवीज चार महिन्यांपुरती. त्याहून जास्त काळ तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका.
4. त्याच फेरीत शेवटची दहा मिनिटं एसी बंद आणि पंखा जोरात. आतली कॉइल कोरडी होते, कुबट वास टळतो.
5. धुवा आणि पूर्ण वाळू द्या. चाकांच्या कमानीतला चिखल पाण्यानं काढा, गंज तिथूनच धरतो. आतून व्हॅक्यूम करा. चिक्कीचा एक तुकडाही उंदराला आमंत्रण असतं.
6. टायरमध्ये 40 ते 42 पीएसआय हवा भरा, म्हणजे एका जागी चपटे पडणार नाहीत. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.
7. चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये किंवा पीमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. ओढून ठेवलेला हँडब्रेक पावसाळ्यात गंजून चिकटतो.
8. छप्पर वर आणि कुलूपबंद. दुमडून ठेवलेल्या कापडाला कायमच्या घड्या पडतात, मागची काच प्लास्टिकची असेल तर तडकते.
9. हवा घेणाऱ्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या टोकाला बारीक तारेची जाळी लावा. लगेच स्टीअरिंगवर लाल चिठ्ठी बांधा: "जाळी काढल्याशिवाय चालू करू नये."
10. सर्वात शेवटी बॅटरी.

बॅटरीचं गणित सोपं आहे. गाडी झोपल्यावरही अलार्म आणि संगणक 50 मिलिअँपिअरपर्यंत वीज खातात, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 60 अँपिअर-तासाची बॅटरी 25 दिवसांत निम्मी होते. जवळ प्लग असेल तर आपोआप थांबणारा, स्थितीनुसार चार्ज करणारा छोटा चार्जर कायम जोडून ठेवा. प्लग नसेल तर आधी ऋण वायर काढा आणि बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली गेली की लावा.

सावध: बॉक्सटरची बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि झाकणाचं कुलूप विजेवर उघडतं. बॅटरी काढून झाकण पक्कं बंद केलंत तर स्वतःच बाहेर अडकलात. झाकण नुसतं टेकवून ठेवा. अडकलंच तर 987 मध्ये पुढच्या बाजूला पायाजवळ असलेल्या फ्यूजबॉक्समधून लाल टर्मिनल बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीचं धन टोक द्यायचं, ऋण टोक दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला, मग किल्लीचं बटण.

कव्हर हवा खेळू देणाऱ्या कापडाचं घ्या. ताडपत्री किंवा प्लास्टिक घातलंत तर आत घामट होऊन रंगाला फोड येतात. आत ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे सपाट पाटावर ठेवा. भरले की त्यातलं पाणी कार्पेटवर सांडू देऊ नका, ते खारं असतं. उंदरांसाठी चाकांजवळ सापळे लावा. डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या यांवर भिस्त नको.

*मधल्या काळात* दर पंधरवड्याला कव्हर काढून दारं उघडा, सीट आणि स्टीअरिंगवर बुरशी बघा, गाडी हातभर पुढे ढकला. आठवड्याला पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू करायची सवय आजच सोडा. तेवढ्यात तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, न जळालेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि स्टार्टरनं घेतलेली वीजही भरून निघत नाही. कोरडा दिवस मिळाला तर सरळ 25-30 किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका.

विमा बंद पाडू नका. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बंद गॅरेजमधल्या गाडीला फक्त आग आणि चोरीचं कवच मिळतं का ते कंपनीला विचारा. पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी असेल तर थर्ड पार्टी हवाच.

*बाहेर काढताना:* आधी चिठ्ठी आणि जाळ्या. मग वायरी कुरतडल्यात का, तेल, कूलंट, टायरची हवा नेहमीइतकी. गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद दोनदा फिरवा, इंजिन ऑइल वर चढतं. फ्यूज बसवून चालू करा. आवारातच तीन-चार वेळा ब्रेक दाबून बघा, मग गेटबाहेर.

टप्पा 6: विकायची असेल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात कापडी छपराची गाडी बघायला येणारा सौदा करायलाच येतो.

*आधी काय दुरुस्त करायचं?* जे चाचणीच्या फेरीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं ते: चेक इंजिनचा दिवा, मेलेली बॅटरी, न चालणारं छप्पर, एसी. टायर संच बदलू नका, तेवढे पैसे भावात परत येत नाहीत. तारीख सांगा आणि किमतीत धरा. कोड पुसून गाडी दाखवायची चलाखी तर अजिबात नको. कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या ग्राहकाच्या मेकॅनिकला स्कॅनरवर अपूर्ण दिसतात आणि त्याला लगेच कळतं.

*फाइल:* आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिसची बिलं तारखेनं लावून, दोन्ही किल्ल्या, टूलकिट आणि टप्पा 2 चा अहवाल. दुसरी किल्ली नसेल तर ती करवून घ्या. हरवलेली किल्ली म्हणजे ग्राहकाच्या मनात संशय.

*हस्तांतरण:* फॉर्म 29 आणि 30. राज्याबाहेर जात असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच किल्ली. डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, ओडोमीटर, दोघांच्या सह्या आणि ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत. विकल्याची खबर आरटीओला 14 दिवसांत द्यायची असते.

सावध: कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती देऊ नका. तो गाडी तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला देतो, आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. अपघात झाला तर नोंदीवरचा मालकच जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. नाव बदललेलं परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत फाइल बंद करू नका.

नाव बदललं की विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला लावता येतो.